पायथन प्रोजेक्टमधील फाइलींचे पत्ते एका जागी कसे ठेवावेत

रावेर तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्याच्या कार्यालयासाठी मी काही वर्षांपूर्वी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. मळ्यातून भरून आलेल्या गाडीचे काट्यावर वजन झाले की मुनीमजी तिची काटापावती प्रोग्राममध्ये भरत, आणि रात्री नऊ वाजता विंडोजचे टास्क शेड्यूलर प्रोग्रामचा दुसरा भाग आपोआप चालवून त्या दिवसाच्या सर्व पावत्यांची हिशेबपट्टी तयार करून ठेवत असे. जळगावात माझ्या संगणकावर हे सर्व आठवडाभर बिनचूक चालले होते. कार्यालयात बसवल्यानंतर पहिल्याच रात्रीची हिशेबपट्टी मात्र कोरी निघाली आणि सकाळी मुनीमजींचा फोन आला, "भाऊ, कालच्या साऱ्या पावत्या गेल्या की काय?"

पावत्या गेल्या नव्हत्या. दिवसा ज्या डेटाबेसमध्ये त्या लिहिल्या जात होत्या तो एक होता, आणि रात्री ज्याच्यातून हिशेब वाचला गेला तो त्याच नावाचा, पण वेगळ्या फोल्डरात नव्याने तयार झालेला रिकामा डेटाबेस होता. मी प्रोग्राममध्ये डेटाबेसचे नुसते नाव लिहिले होते, त्याचा पत्ता लिहिला नव्हता. एसक्यूलाइट या डेटाबेसची रीत अशी की, सांगितलेल्या नावाची फाइल सापडली नाही तर ते तक्रार न करता त्या नावाची नवी फाइल तयार करते, आणि माझा प्रोग्राम सुरुवातीलाच 'तक्ता नसेल तर तयार कर' असे म्हणत असल्यामुळे त्यालाही काही वावगे वाटले नाही. चूक दिसावी असा एकही संदेश कुठे उमटला नाही. फाइलींच्या पत्त्यांमधल्या बहुतेक चुका अशाच गुपचूप घडतात, म्हणून या रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे सुरुवातीलाच लक्ष द्यावे लागते.

या लेखात पायथनच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत लिहाव्यात. व्हेरिएबलची नावे मात्र पायथन 3 मध्ये देवनागरीतही चालतात, त्यामुळे पुढे येणारे 'मूळ' हे नाव कोणी जसेच्या तसे लिहिले तरी प्रोग्राम अडणार नाही.

प्रोग्राम कुठे उभा असतो

फाइलीचा पत्ता दोन प्रकारे सांगता येतो. पूर्ण पत्ता ड्राइव्हपासून किंवा लिनक्समध्ये मुळाच्या तिरक्या रेघेपासून सुरू होतो आणि तो कोणीही कुठूनही वाचला तरी एकाच फाइलीकडे नेतो. सापेक्ष पत्ता मात्र 'इथून पुढे' अशा भाषेत बोलतो, आणि त्यातले 'इथून' म्हणजे नेमके कुठून हे त्या पत्त्यात लिहिलेले नसते. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसाला कोणी 'पुढच्या जंक्शनला उतर' असे सांगितले, तर भुसावळला बसलेला माणूस जळगावला उतरेल आणि जळगावला बसलेला पाचोऱ्याला किंवा चाळीसगावला. सूचना एकच असूनही दोघे वेगवेगळ्या गावी पोहोचतात, कारण ती दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून ऐकलेली असते.

संगणकावर चालणारा प्रत्येक प्रोग्राम असाच कोणत्या तरी एका फोल्डरात 'उभा' असतो. त्या फोल्डराला चालू फोल्डर म्हणू या. नव्याने शिकणाऱ्याचा गैरसमज नेमका इथे होतो. त्याला वाटते की प्रोग्रामची फाइल ज्या फोल्डरात ठेवली आहे तोच चालू फोल्डर असणार. तसे नसते. प्रोग्राम कुठे ठेवला आहे आणि तो कुठून सुरू केला आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चालू फोल्डर दुसऱ्या गोष्टीवरून ठरतो. टर्मिनलमधून चालवल्यास टर्मिनल त्या वेळी ज्या फोल्डरात असेल तो चालू फोल्डर होतो. विंडोजमध्ये फाइलीवर दोनदा क्लिक केल्यास तो बहुधा त्या फाइलीचाच फोल्डर असतो, आणि म्हणूनच मुनीमजींचे दिवसाचे काम सुरळीत चालले होते. टास्क शेड्यूलरमध्ये 'स्टार्ट इन' हा रकाना रिकामा सोडला तर प्रोग्राम विंडोजच्या सिस्टिम-32 या फोल्डरात उभा राहतो. लिनक्सवर क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रामने सुरू केलेले काम त्या वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरातून सुरू होते, तर सिस्टिमडी या पार्श्वभूमीतल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामने चालवलेली सेवा, वेगळे काही सांगितले नसेल तर, थेट मुळाच्या फोल्डरातून. माझा रात्रीचा प्रोग्राम सिस्टिम-32 मध्ये उभा होता. साध्या अधिकारांनी चालवला असता तर तिथे फाइल तयार करण्याची परवानगी मिळाली नसती आणि निदान चूक तरी दिसली असती. पण मी मोठ्या हौसेने 'सर्वोच्च अधिकार' या चौकटीत खूण केली होती.

हा गैरसमज टिकून राहायला एक कारण पायथननेच पुरवले आहे. मुख्य फाइलीत 'इम्पोर्ट पट्टी' असे लिहिले की शेजारी ठेवलेले पट्टी नावाचे मॉड्यूल, म्हणजे पायथन कोडची दुसरी फाइल, प्रोग्राम कुठूनही चालवला तरी सापडते. मग शेजारचे मॉड्यूल सापडते, तर शेजारी ठेवलेली भावांची फाइल का सापडू नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की मॉड्यूल शोधण्याची यादी वेगळी असते. फाइलीचे नाव देऊन प्रोग्राम चालवला की पायथन त्या फाइलीचा फोल्डर या यादीत सर्वात वर घालते, आणि उणे-एम या पर्यायाने चालवला तर चालू फोल्डर वर घालते. 'ओपन' ही आज्ञा या यादीकडे पाहतसुद्धा नाही. तिला केवळ चालू फोल्डर कळतो.

दोन उपाय, जे करू नयेत

अशी चूक सापडली की घाईत सुचणारा पहिला उपाय म्हणजे पूर्ण पत्ता थेट प्रोग्राममध्ये लिहून टाकणे. तो त्या दिवशी चालतो. पण त्या पत्त्यात ड्राइव्हचे अक्षर, वापरकर्त्याचे नाव आणि 'नवीन फोल्डर 2' यांसारखी तात्पुरती नावे कायमची कोरली जातात. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, 1960 मध्ये त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली, आणि 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. गावे जागच्या जागीच राहिली. बदलला तो त्यांच्यापर्यंत पोहोचवणारा लिखित पत्ता. संगणकावर हे बदल शतकात तीनदा होत नाहीत, वर्षात तीनदा होतात, आणि प्रत्येक वेळी बावीस फाइलींमध्ये जुना पत्ता शोधून खोडत बसावे लागते.

दुसरा उपाय जरा चलाख असतो. प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत चालू फोल्डर बदलण्याची आज्ञा द्यायची आणि मग पुढे सगळीकडे सापेक्ष पत्ते बिनधास्त वापरायचे. छोट्या, एकट्याने वापरायच्या स्क्रिप्टमध्ये मी हे अजूनही खपवून घेतो. मोठ्या प्रोग्राममध्ये मात्र चालू फोल्डर हा संपूर्ण प्रोसेसचा एकच असतो. त्यातल्या सर्व थ्रेडना, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांना, तोच दिसतो. एकाने तो बदलला की दुसऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, आणि वापरकर्त्याने टर्मिनलवर स्वतःहून दिलेला सापेक्ष पत्ता, उदाहरणार्थ 'या फोल्डरातली ही फाइल वाच', तोही चुकीच्या जागेपासून मोजला जातो.

एक खुंटी

योग्य उपाय सोपा आहे. पायथनमधील प्रत्येक मॉड्यूलला स्वतःची फाइल कुठे आहे हे ठाऊक असते. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या 'फाइल' या नावात ती माहिती ठेवलेली असते. प्रोग्राम कोणी कुठूनही चालवला तरी ती फाइल जागची हलत नाही, म्हणून तिलाच खुंटी मानायचे आणि बाकी सर्व अंतरे तिच्यापासून मोजायची.

माझ्या प्रोजेक्टचा मुख्य फोल्डर 'केळीहिशेब' होता, त्यात त्याच नावाचा पॅकेजचा, म्हणजे मॉड्यूलांच्या संचाचा, फोल्डर, आणि त्यात पावती, पट्टी अशी मॉड्यूले होती. त्यांच्या जोडीला मी 'मार्ग' नावाचे एक नवे मॉड्यूल ठेवले आणि त्यात लिहिले:

मूळ = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट.पेरेंट
साचे = मूळ / 'साचे'
माहिती = मूळ / 'माहिती'
डेटाबेस = माहिती / 'पावत्या.डीबी'

पहिली ओळ डावीकडून वाचावी. मार्ग या फाइलीचा पत्ता घ्या, तो पूर्ण आणि स्वच्छ करा, एक पायरी वर चढा म्हणजे पॅकेजचा फोल्डर मिळेल, आणखी एक पायरी चढा म्हणजे प्रोजेक्टचा मुख्य फोल्डर मिळेल. 'रिझॉल्व्ह' ही मधली पायरी अनेक जण गाळतात, आणि त्याची शिक्षा कधी तरी मिळते. पत्ता सापेक्षच राहिला असेल तर 'मार्ग.पीवाय' याची वरची पायरी म्हणजे 'एक टिंब', अर्थात चालू फोल्डर, आणि त्या टिंबाची वरची पायरी विचारली तर उत्तर पुन्हा टिंबच येते. कितीही वेळा 'पेरेंट' म्हटले तरी प्रोग्राम तिथेच घुटमळतो. पायथन 3.9 पासून थेट चालवलेल्या मुख्य फाइलीचाही हा पत्ता पूर्ण स्वरूपात मिळू लागला आहे, त्यामुळे हा सापळा आता कमी टोचतो. तरीही 'रिझॉल्व्ह' ठेवावेच, कारण ते शॉर्टकटसारख्या सिम्बॉलिक लिंकांचा माग काढून खऱ्या जागेपर्यंत पोहोचते.

यातील 'पाथ' हा प्रकार पाथलिब या मॉड्यूलमधून येतो. आंत्वान पित्रू यांच्या प्रस्तावावरून ते 2014 साली पायथन 3.4 मध्ये दाखल झाले. सुरुवातीला अडचण अशी होती की जुन्या आज्ञांना पत्ता अक्षरमालेच्या, म्हणजे स्ट्रिंगच्या, रूपातच हवा असे, 3.6 पासून 'ओपन'सह प्रमाणित लायब्ररीतील बहुतेक आज्ञा पाथ थेट स्वीकारतात. त्याआधी हेच काम करण्यासाठी 'डिरनेम'च्या आत 'डिरनेम'च्या आत 'अ‍ॅब्सपाथ' अशी कंसांची उतरंड रचावी लागे, आणि ती आतून बाहेर वाचावी लागे. जॅंगो या वेबसाइट बनवण्याच्या प्रसिद्ध फ्रेमवर्कने नव्या प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये आपोआप लिहून मिळणारी ही ओळ 2020 मध्ये, 3.1 या आवृत्तीत, पाथलिबच्या रूपात बदलली. ती आणि माझी वरची पहिली ओळ जवळजवळ सारखीच आहे. यात माझी हुशारी काही नाही.

खरे महत्त्व मात्र ती ओळ कशी लिहिली याला नाही, ती किती ठिकाणी लिहिली याला आहे. 'दोन पायऱ्या वर' हे गणित मार्ग या फाइलीच्या जागेवर अवलंबून आहे. उद्या ती फाइल आणखी एका फोल्डराच्या आत सरकली तर दोनच्या तीन पायऱ्या कराव्या लागतील. हे गणित एकाच फाइलीत असेल तर दुरुस्ती एका शब्दाची असते. पावती, पट्टी आणि इतर प्रत्येक मॉड्यूलने आपापल्या जागेवरून आपापल्या पायऱ्या मोजल्या असतील, तर आपण पूर्ण पत्ते कोरण्याचा पहिला दोष नव्या वेषात परत आणलेला असतो. म्हणून पट्टी या मॉड्यूलला 'डेटाबेस' एवढेच नाव ठाऊक असावे, आणि तो कुठे आहे हे फक्त मार्गाला.

उलटी रेघ आणि आपले तालुके

वरच्या ओळींमध्ये फोल्डरांची नावे जोडताना भागाकाराची रेघ वापरली आहे. पाथ या प्रकाराने त्या रेघेला 'जोड' असा अर्थ दिला आहे, आणि लिनक्सवर सुलटी, विंडोजवर उलटी रेघ योग्य तिथे तो स्वतः घालतो. हे हाताने करण्याचा मोह टाळावा, कारण विंडोजची उलटी तिरकी रेघ पायथनच्या स्ट्रिंगमध्ये भलत्याच कामासाठी राखून ठेवलेली आहे.

ही उलटी रेघ आली ती 1983 च्या एमएस-डॉस 2.0 मध्ये. त्या आवृत्तीत प्रथमच फोल्डर आले, पण सुलटी रेघ तोपर्यंत आज्ञांचे पर्याय सांगण्यासाठी वापरात होती, म्हणून फोल्डरांच्या वाट्याला उलटी आली. पायथनमध्ये मात्र उलट्या रेघेनंतर येणाऱ्या काही रोमन अक्षरांना विशेष अर्थ आहे. समजा, व्यापाऱ्याने तालुक्यांच्या नावांचे फोल्डर रोमन लिपीत, लहान अक्षरांत केले आहेत आणि आपण 'माहिती'पुढे उलटी रेघ देऊन तालुका लिहिला. नवापूरचे पहिले अक्षर रेघेसकट गिळले जाऊन तिथे नवी ओळ सुरू होते. तळोद्याच्या जागी टॅबचे अंतर येते. रावेरला कर्सर ओळीच्या सुरुवातीला पळतो, भुसावळला बॅकस्पेसचे चिन्ह उमटते, आणि अमळनेरला तर घंटा वाजवण्याचे जुने टेलिप्रिंटरचे चिन्ह तयार होते. जळगाव, चोपडा आणि धुळे मात्र सुखरूप राहतात, कारण त्यांच्या आद्याक्षरांना असा काही अर्थ दिलेला नाही; पायथन 3.12 पासून निदान त्यांच्याबद्दल स्पष्ट इशारा तरी दिसतो. याचा परिणाम असा की जळगावात तपासलेला प्रोग्राम तिथे उत्तम चालतो आणि रावेरला गेल्यावर बिघडतो, आणि त्याचे कारण रावेरच्या संगणकात शोधले जाते. स्ट्रिंगच्या आधी रोमन 'आर' लावून तिला कच्ची स्ट्रिंग केली की हा त्रास टळतो, पण पाथने जोडलेल्या तुकड्यांमध्ये तो मुळात उद्भवतच नाही.

जोडण्याच्या रेघेचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवावा. उजवीकडचा तुकडाच पूर्ण पत्ता असेल तर डावीकडचे सर्व काही टाकून दिले जाते. म्हणजे 'माहिती' या फोल्डराला जोडायचे म्हणून आपण वापरकर्त्याने दिलेले नाव घेतले आणि ते लिनक्सवर सुलट्या रेघेपासून सुरू होत असेल, तर आपला माहिती हा फोल्डर निकालात निघतो आणि प्रोग्राम डिस्कच्या मुळापासून चालू लागतो. दोन टिंबे देऊन वर चढणारे नाव दिले तरी तेच. बाहेरून आलेले नाव जोडल्यावर 'रिझॉल्व्ह' करून ते अजून माहितीच्या आतच आहे ना, हे 'इज-रिलेटिव्ह-टू' या आज्ञेने तपासता येते; ती 3.9 पासून उपलब्ध आहे.

फाइलींना नावे देतानाही असेच. हिशेबपट्टीच्या नावात तारीख घालायची म्हणून 12/08/2024 असे लिहिले तर संगणक बारा नावाचा फोल्डर शोधू लागतो. 2024-08-12 असे लिहावे. नावांप्रमाणे लावलेल्या यादीत तारखाही आपोआप क्रमाने येतात. वेळेतील विसर्गासारखे दिसणारे कोलन विंडोजला नावात चालत नाही. रोमन नावांच्या बाबतीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद विंडोज सहसा करत नाही आणि लिनक्स करते, म्हणून सर्व नावे लहान अक्षरांत ठेवणे हा सर्वात कमी कटकटीचा नियम आहे. देवनागरीत लहान-मोठे अक्षर हा भेदच नाही, पण तिथे दुसरी गंमत आहे. 'वऱ्हाड' या शब्दातला अर्धा र कीबोर्डानुसार दोन निरनिराळ्या सांकेतिक रूपांत लिहिला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही नावे एकच दिसतात आणि संगणकाला ती दोन वेगळ्या फाइलींची वाटतात. शेतकऱ्यांची व गावांची नावे फाइलीच्या आत देवनागरीतच असावीत, फाइलीच्या नावासाठी मात्र खाते क्रमांक वापरावा, असे माझे मत झाले आहे.

सोबतचे, साठवणीचे आणि तात्पुरते

खुंटी ठोकल्यावर सगळेच फोल्डर तिला बांधावेत का, हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या पहिल्या सुधारणेतली चूक इथेच होती. वरच्या चार ओळींमध्ये 'साचे' आणि 'माहिती' शेजारी-शेजारी दिसतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. हिशेबपट्टीचा साचा मी लिहिला, तो प्रोग्रामसोबत येतो आणि प्रोग्रामसोबतच बदलतो. पावत्यांचा डेटाबेस व्यापाऱ्याचा आहे. नवी आवृत्ती बसवताना जुना फोल्डर पुसून नवा टाकावा, ही साधी रीत. माहिती आतच असेल तर ती रीत हंगामभराच्या पावत्या घेऊन जाते. मी त्यातून थोडक्यात वाचलो, कारण मुनीमजींनी स्वतःच्या सवयीने फोल्डराची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली होती.

तेव्हापासून मी असे ठरवले आहे की प्रोग्रामसोबत येणारे आणि केवळ वाचायचे ते खुंटीला बांधावे. प्रोग्राम जे लिहितो, म्हणजे डेटाबेस, अहवाल, लॉग, ते बाहेर, बसवणाऱ्याने ठरवलेल्या जागी असावे. आणि पुन्हा सहज तयार करता येईल असे तात्पुरते काही असेल तर ते टेम्पफाइल या मॉड्यूलने दिलेल्या जागी जावे. पॅकेज म्हणून इन्स्टॉल होणाऱ्या प्रोग्राममध्ये तर सोबतचे साचे इम्पोर्टलिब-रिसोर्सेस या मॉड्यूलकडून मागावेत, कारण पॅकेज झिप फाइलीत असले तरी ते साचा शोधून देते. बाहेरच्या जागेसाठी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचे स्वतःचे संकेत आहेत, आणि प्लॅटफॉर्मडर्स ही छोटी लायब्ररी त्या संकेतांप्रमाणे योग्य फोल्डर सांगते.

बसवणाऱ्याने ठरवलेली जागा प्रोग्रामला कळवायची कशी? माझ्या प्रोग्रामने ती आधी चालवतानाच्या आज्ञेत पाहावी, तिथे नसेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला देते त्या नावाने ठेवलेल्या किमतीत, आणि तिथेही नसेल तर ठरावीक जागा धरावी, असा क्रम मी ठेवला. यात दोन खड्डे आहेत. व्हेरिएबल अस्तित्वात आहे पण रिकामे आहे, अशी स्थिती सेटिंगच्या फाइलीत 'बरोबर' या चिन्हापुढे काहीच न लिहिल्याने सहज उद्भवते. तेव्हा पायथन पर्यायी किंमत न देता रिकामी स्ट्रिंग देते, आणि रिकाम्या स्ट्रिंगचा पाथ म्हणजे पुन्हा तेच टिंब, चालू फोल्डर. ज्या चुकीपासून सुटण्यासाठी हा सर्व खटाटोप केला ती मागच्या दाराने घरात येते. म्हणून 'नसेल तर' असे न तपासता 'नसेल किंवा रिकामे असेल तर' असे तपासावे. दुसरा खड्डा लिनक्सवरील नागमोडी चिन्हाचा. घरचा फोल्डर दाखवणारे ते चिन्ह टर्मिनल उलगडते, पायथन आपणहून उलगडत नाही. 'एक्सपांडयूजर' म्हटले नाही तर खरोखरच नागमोडी नावाचा एक फोल्डर तयार होतो, आणि तो पुसायला गेलेल्या माणसाने घाईत टर्मिनलवर तेच चिन्ह लिहिले तर काय होईल याची कल्पना वाचकाने करावी.

जागा ठरली की प्रोग्रामने कामाला लागण्यापूर्वीच ती तपासावी. फोल्डर नसेल तर तो 'एमकेडिर'ने तयार करताना 'पेरेंट्स' आणि 'एक्झिस्ट-ओके' हे दोन्ही पर्याय खरे ठेवावेत, म्हणजे मधल्या पायऱ्याही तयार होतात आणि फोल्डर आधीच असल्यास प्रोग्राम कोसळत नाही. मात्र डेटाबेसच्या बाबतीत मी आता 'नसेल तर तयार कर' हा उदारपणा दाखवत नाही. पहिल्यांदा बसवताना डेटाबेस तयार करणारी आज्ञा वेगळी ठेवली आहे. रोजच्या कामात तो सापडला नाही तर प्रोग्राम थांबतो आणि ज्या जागी शोधला तो पूर्ण पत्ता संदेशात छापतो. 'फाइल सापडली नाही' एवढ्या संदेशाने मुनीमजींना काहीच कळत नाही. 'डी ड्राइव्हवर हिशेब या फोल्डरात पावत्या.डीबी सापडली नाही' असे दिसले तर ते फोनवर मला वाचून दाखवतात आणि निम्मे काम तिथेच होते.

हे फोल्डर तयार करण्याचे आणि तपासण्याचे काम मार्ग या मॉड्यूलच्या आतच, ते इम्पोर्ट होताक्षणी करण्याचा मोह होतो. तो आवरावा. इम्पोर्ट करणे म्हणजे नुसती ओळख करून घेणे. कोणी चाचणीसाठी किंवा मदतीचा मजकूर पाहण्यासाठी मॉड्यूल उघडले तरी डिस्कवर फोल्डर उगवू लागले तर ते कोणी केले हे शोधणे अवघड होते. मार्गात फक्त पत्ते असावेत आणि कृती मुख्य फंक्शनमध्ये.

चाचण्यांचा विषय निघाला म्हणून त्याबद्दल. पट्टी तयार करणाऱ्या फंक्शनने मार्गातून 'डेटाबेस' हे नाव स्वतः ओढून घेण्याऐवजी ते पॅरामीटर म्हणून स्वीकारावे. मग पायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनात 'टीएमपी-पाथ' या सोयीने प्रत्येक चाचणीला एक नवा, रिकामा फोल्डर मिळतो, त्यात पाच खोट्या पावत्या टाकून हिशेब तपासता येतो, आणि खऱ्या डेटाबेसच्या वाटेला कोणी जात नाही. मुख्य फंक्शन मार्गाकडून खरा पत्ता घेऊन एकदाच पुढे देते. जुपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे कोडचे तुकडे ब्राउझरमध्ये एकेक करून चालवण्याच्या वहीत, काम करणाऱ्यांना मात्र खुंटीच मिळत नाही, कारण तिथल्या कोडला स्वतःची फाइल ठाऊक नसते. तिथे चालू फोल्डरापासून एकेक पायरी वर चढत 'पायप्रोजेक्ट.टॉमल' ही फाइल जिथे दिसेल तो मुख्य फोल्डर, असे शोधणारे चार ओळींचे फंक्शन पुरते; किंवा प्रोजेक्ट पॅकेज म्हणून इन्स्टॉल करून नोटबुकमधून मार्ग इम्पोर्ट करावा, जे मला अधिक सरळ वाटते.

पायइन्स्टॉलर या साधनाने पायथन प्रोग्रामची एकच चालवायची फाइल करून देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की अशी फाइल सुरू होताना स्वतःला एका तात्पुरत्या फोल्डरात उलगडते आणि बंद होताना तो पुसते. सोबतचे साचे तिथेच सापडतात, त्यामुळे खुंटी वाचण्यासाठी ठीक चालते. पण डेटाबेस खुंटीशेजारी लिहिला तर दिवसभराच्या पावत्या प्रोग्राम बंद करताच नाहीशा होतात. रावेरच्या कार्यालयात मी पुढे हीच एकफाइली आवृत्ती बसवली. तोपर्यंत माहिती डी ड्राइव्हवर गेलेली होती, आणि टास्क शेड्यूलरचा 'स्टार्ट इन' हा रकाना मी मुद्दाम रिकामाच ठेवला. त्या रात्री नऊ वाजता प्रोग्राम पुन्हा सिस्टिम-32 मध्येच उभा राहिला, आणि सकाळी हिशेबपट्टीत आदल्या दिवशीच्या सर्व काटापावत्या होत्या.